डाव्या हाताची बाग

मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. जुना आहे, पण मोडीत निघालेला नाही.

एका सुताराने मऊ लाकडाच्या फळ्या जोडून मला घडवले. दमट हवेत वाकू नये म्हणून पाठीला आडव्या पट्ट्या ठोकल्या. तेव्हापासून माझी पाठ ताठ आहे. मला विकत घेतले ते घराभोवतीच्या बागा आखून देणाऱ्या बाईंनी. अंगण असो की परसातली चिंचोळी पट्टी, बाई आधी जागा मोजत, ऊन कुठून येते ते पाहत, मग माझ्यावर कागद ताणून पेन्सिलीने बाग काढत. झाड म्हणजे एक गोल. पण तो आजच्या रोपाएवढा नसे, उद्याच्या सावलीएवढा असे. "झाडाला आत्ताच जागा द्या, नंतर ते विचारायला येत नाही," असे त्या म्हणत. लोक नकाशाची वाहवा करत आणि कागदाखाली मी फुशारून जाई.

मग बाईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला. मला पाहून आईला वाईट वाटू नये म्हणून लेकीने मायेपोटीच मला कपाटामागे ठेवले. पुढे तर माझ्यावर कपड्यांना इस्त्री होऊ लागली. ज्या अंगावर बागा फुलल्या, तिथे शर्टाच्या कॉलरी! मी राग गिळून पडून राहिलो.

एके दिवशी चाकांच्या खुर्चीतून एक गृहस्थ आले. पूर्वी ते ट्रक चालवत. अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत.

"माझी खुर्ची फिरावी म्हणून पोरांनी अख्ख्या अंगणाला सिमेंट केलंय," ते म्हणाले. "खुर्ची फिरते हो, पण मातीला हात लागत नाही. मला बाग आखून द्या."

"आई आता काम करत नाही, काका," लेक म्हणाली. "तिचा हात..."

"माझे तरी पाय कुठायत?"

बाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. "आण गं तो बोर्ड!"

"अगं, पण डॉक्टरांनी..."

"हात गेला असं म्हणाले ते. डोकं गेलं असं कुठे म्हणाले?"

कागद चिमट्यांनी बसवला. रेघा आखायची पट्टी सरकू नये म्हणून तिच्यावर ती गार इस्त्रीच ठेवली. डाव्या हाताची पहिली रेघ मुंगळा शाईत बुडून चालावा तशी गेली. बाईंनी कागद फाडला. दुसरा फाडला. एकदा माझ्यावर डोके टेकून रडल्यासुद्धा. पण उठल्या त्या नवा कागद लावायलाच.

अखेर नकाशा झाला. वाफे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीएवढे उंच आणि खालून पोकळ, म्हणजे खुर्ची थेट आत शिरेल. वाटेच्या टोकाला खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. कुंपणाजवळचे सिमेंट फोडून एक मोठा गोल.

काकांच्या थोरल्याने नाक मुरडले. "या वाकड्या रेघांवरून गवंडी काय बांधणार? कॉम्प्युटरवर काढून घेऊ."

"मी जन्मभर घाटात गाडी चालवलीय," काका कडाडले. "वाकड्यातून वाट काढायला तू मला शिकवू नकोस!"

त्याच नकाशावरून बाग झाली. कोपरापर्यंत मातीत हात घालून काका वांग्याची रोपे लावत होते, तेव्हा लेक आईचा लुळा हात धरून बघत उभी होती. घरी येऊन म्हणाली, "आई, बोर्डाला पॉलिश करून दिवाणखान्यात टांगूया."

"टांगतेस कशाला? तो काय वारलाय?" बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझेही तेच म्हणणे आहे. जुन्या वस्तूंना आणि थकल्या माणसांना शोभेसाठी मांडून ठेवू नका. आमच्यावरची धूळ पुसा, ओल लागू देऊ नका, आणि काम द्या. चुकलो तर दुसरा कागद लावा.

आता जरा बाजूला सरका. बाईंनी पेन्सिल उचलली आहे आणि तुम्ही उजेड अडवताय.