सात नंबरची कडी

सात नंबरच्या खोलीतल्या बाईंना वृद्धाश्रमात सगळे मेट्रनबाई म्हणत. एका मोठ्या रुग्णालयात त्या एकतीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची नऊ वर्षं मेट्रन. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, चालायला वॉकर. पण आवाज अजून असा की व्हरांड्यात कुणी चप्पल घासत चाललं तर खोलीतून एका हाकेत त्याला सरळ करतील.

एका बुधवारी सकाळी अंघोळ करून त्या कपडे बदलत होत्या. ब्लाउजची एक बाही हातात, दुसरी खांद्यावर. तेवढ्यात दार उघडलं आणि मदतनीस ताई आत आली. तिच्या पाठोपाठ पंखा दुरुस्त करणारा माणूस, काखेत शिडी घेऊन.

"बाहेर व्हा!" मेट्रनबाई ओरडल्या.

माणूस बिचारा शिडीसकट मागच्या मागे वळला आणि शिडी दाराच्या चौकटीत अडकली. ती सुटेपर्यंत मेट्रनबाई टॉवेल छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अहो आजी, एवढं काय लाजताय? घरचेच आहोत आपण," ताई म्हणाली. मनात काही नव्हतं तिच्या. कामाच्या धबडग्यात म्हणून गेली.

हे वाक्य मेट्रनबाईंना चांगलंच लागलं, कारण ते त्यांचंच होतं. एकतीस वर्षं त्या कुठल्याही पडद्याआड, कुठल्याही खोलीत न विचारता शिरत आल्या होत्या आणि अंगावर चादर ओढून घेणाऱ्या बायकांना हेच म्हणत आल्या होत्या. त्या बायका पुढे काही बोलत नसत. मेट्रनबाईंना वाटायचं, त्यांना पटलं.

दुपारी त्या व्यवस्थापकबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसल्या.

"मला दाराला आतून कडी हवी."

"कडी नाही देता येत कुणाला," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "आत पडलात तर आम्ही काय दार फोडायचं?"

"बाहेरून खाच असलेली कडी मिळते. चपट्या कशानेही फिरवली की उघडते. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या बाथरूमना तीच होती."

"एकाला दिली की चौदा जण मागतील."

"मागू देत की. मागितलं म्हणून कुणी आजारी पडत नाही."

व्यवस्थापकबाई हसल्या आणि तिथेच फसल्या. महिनाभर बघू, असं ठरलं. सुतार आला, तासाभरात कडी लागली. मदतनिसांची मात्र कुरकुर सुरू झाली. हातात ट्रे घेऊन दार वाजवायचं, मग 'या' म्हणेपर्यंत ताटकळायचं. त्यात मेट्रनबाई कधी कधी 'पाच मिनिटांनी ये' म्हणत. ताई स्वयंपाकघरात म्हणाली, "आता राणीसाहेबांची वेळ घेऊन जावं लागणार." तरी दार वाजवायला ती चुकली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मेट्रनबाई पडल्या. चष्म्याचं घर पलंगाखाली सरकलं होतं, ते काढायला वाकल्या आणि पलंग आणि कपाटाच्या मधल्या बोळात आडव्या झाल्या. उजवं मनगट अंगाखाली आलं. घंटेची दोरी उशाशी, म्हणजे हाताबाहेर. हाका मारल्या, पण हॉलमध्ये टीव्ही दणकून लागलेला. घड्याळात चाराला वीस कमी होते. मनगट मोडलंय हे त्यांनी पडल्या पडल्याच ओळखलं, आणि लेक आता काय म्हणेल तेही.

चारला ताईने चहा आणला. दार वाजवलं. आतून बारीकसा आवाज आला. तिने ट्रे जमिनीवर ठेवला, कपातल्या चमच्याचं टोक खाचेत घातलं, फिरवलं आणि आत धावली.

मनगटाला प्लास्टर बसलं. दुसऱ्या दिवशी लेक आली ती तावातावातच. व्यवस्थापकबाईंच्या खोलीत उभ्यानेच म्हणाली, "ती कडी आधी काढा. वीस मिनिटं पडून होती माझी आई!"

व्यवस्थापकबाईंनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्यांचाही धीर सुटत चालला होता. "बाई, तुम्हीच सांगा आता. उद्या काही बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

कोपऱ्यात उभी असलेली ताई मध्येच बोलली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. "मी बोलू का? दार उघडायला मला चमचा फिरवण्याएवढाच वेळ लागला. दार सताड उघडं असतं तरी मी चारलाच आले असते. चहा चारलाच असतो."

व्यवस्थापकबाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला.

"आई, तू हट्ट का करतेस गं?" लेकीचा आवाज चिरकला. "मला घरी घास उतरत नाही. फोन वाजला की वाटतं, इथूनच आलाय."

मेट्रनबाईंनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "काळजी खरी आहे तुझी. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हणाले असते, अगदी याच आवाजात. पण तुझी काळजी उतरावी म्हणून माझं दार उघडं ठेवायचं, हे मला जमणार नाही. कपडे बदलताना, रडू आलं तर, नुसतं भिंतीकडे बघत बसायचं असलं तर, मला दार लावता आलं पाहिजे. मी पडेन. इथे सगळेच कधी ना कधी पडणार आहेत."

"मग मी काय करू?"

"घंटा उशाशी होती, ती चूक. गळ्यात अडकवायची मिळते, ती आण."

"मागे आणली होती की मी! तेव्हा म्हणालीस, गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?"

"म्हणाले होते. आता घालते."

लेक रडता रडता हसली. कडी राहिली. मेट्रनबाईंनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहून दिलं की कडी त्यांच्या मर्जीने आहे आणि त्यातला धोका त्यांना कळतो. खाली लेकीनेही सही केली, पण खूश होऊन नव्हे.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापकबाई स्वतः वही घेऊन प्रत्येक खोलीत गेल्या. कडी हवी का, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, उठवायचं की आपले आपण उठाल. चौदांपैकी फक्त चौघांनी कडी मागितली. निवृत्त ट्रकचालक काका म्हणाले, माझं दार चोवीस तास उघडंच ठेवा, बंद खोलीत माझा जीव गुदमरतो. पाच नंबरमधल्या दोघी बहिणींचं कडीवरून एवढं वाजलं की त्या दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्याच आठवड्यात आठ नंबरमधल्या शिवणकामवाल्या बाईंचा खोकला भिंतीपलीकडून सारखा ऐकू येत होता. मेट्रनबाईंना राहवलं नाही. त्या एका डाव्या हाताने वॉकर रेटत गेल्या, दार ढकलून थेट आत शिरल्या आणि म्हणाल्या, "सरळ बसा बघू, पाठ ऐकू द्या."

शिवणकामवाल्या बाई कवळी काढून बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला आणि दुसऱ्या हाताने दाराकडे बोट दाखवलं.

मेट्रनबाई वळल्या. वॉकर वळवायला वेळ लागतो, त्यामुळे ओशाळायलाही भरपूर वेळ मिळाला. बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं, वाजवलं आणि व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आतून 'या' यायला बराच वेळ लागला.