पुरी झालेली विहीर

नव्या लातूर जिल्ह्याला चार वर्षं झाली होती आणि पावसानं दोन सालं तोंड दाखवलं नव्हतं. कागदावर मात्र आबादीआबाद होती. सन दोन हजारपर्यंत एकही गाव तहानलेलं राहणार नाही, असं वरून ठरलं होतं आणि त्यासाठी सरकारी विहिरी मंजूर झाल्या होत्या. त्यातली रेणापूरकडची एक विहीर गंगम्माच्या गावाला आली. मुदत मार्चअखेरची. खोदली, सुरुंग लावले, खाली निव्वळ काळा पाषाण लागला.

विहीर तपासणारे साहेब पूजेला येणार म्हणून सरपंच बसलिंगप्पानं बायकांना ओटीचं सांगितलं.

"कोरड्या विहिरीची ओटी भरत न्हाईत," गंगम्मा म्हणाली. "गावाची कूस कोरडी पडती."

मग तीच म्हणाली, विहिरीत घरटी एक घागर ओतू. तिच्या मनात फसवाफसवी नव्हती. शास्त्र तेवढं पाळायचं होतं. तिच्या घरात एकच घागर होती, पाच दिवसांच्या बाळंतिणीसाठी, सून शिवकन्येसाठी राखलेली. परवा टँकर येतोच आहे, म्हणत तिनं ती ओतली.

साहेबांनी दोरीला दगड बांधून सोडला, ओला भाग मोजला, नारळ फोडला. विहीर पुरी झाली.

परवा टँकर आला नाही. नंतरही नाही. पाणी असलेल्या गावाला टँकर कशाला?

गंगम्मा चालत रेणापूरला गेली. "साहेब, ते पाणी आमच्या घागरीचं व्हतं. तुमच्याच टँकरचं."

"आजी, मी स्वतः मोजलंय. पुरी झालेली विहीर आता अपुरी कशी दाखवू? पाच वर्षांनी फेरतपासणी आहे, तेव्हा बघू."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्यानं तिला पाण्याचा पेला दिला. घशाला कोरड पडली होती, ती घटाघटा प्याली. मग घर आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

घरी पाळण्यात पोर रडत होतं. शिवकन्या नव्हती, घागरही नव्हती. ओली बाळंतीण नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर गेली होती, कोसभर लांब. गंगम्मानं पोर उचललं आणि दारात उभी राहिली. कोरड्या विहिरीचं शास्त्र आपण कशाला सांगितलं, या विचारानं तिचा जीव जळत होता.

उन्हं कलताना शिवकन्या आली. घागर रिकामीच होती.

"आत्याबाई, तिथंबी न्हाई," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. तिचं लुगडं रक्तानं भिजलं होतं, आणि ते धुवायला घरात पाणी नव्हतं.