रांजणाखालची फ्रेंच बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, हिरव्या काचेची बाटली आहे. आता माझ्यात रॉकेल असतं आणि तोंडाला चिंधीचं बूच. पण माझा जन्म फ्रान्समधला, लुआर नदीकाठच्या सान्सेर गावचा. तिथल्या द्राक्षांची पांढरी वाईन माझ्या पोटात होती, आंबटसर, ताजी, थंडच प्यावी अशी. फार थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

१९७० च्या दिवाळीनंतर एका फ्रेंच पाहुण्याबरोबर मी नगरच्या लष्करी छावणीत आले. तिथल्या मेसमध्ये कारभारी नावाचे आचारी होते. तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांना रांधून वाढलं. पांढऱ्या वाईनबरोबर मासा, तांबडीबरोबर मटण, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण दोन्ही एकत्र कसं लागतं, ते त्यांच्या जिभेला कधी कळलंच नव्हतं. त्यांच्या हातची मासळी पाहुण्याला इतकी आवडली की निघताना त्याने मला त्यांनाच देऊन टाकलं. आमच्या गावी ही शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर पितात, असंही तो म्हणाला. मेसमधल्या मेजरसाहेबांनी ते कारभारींना मराठीत सांगितलं. कारभारींनी मान डोलावली, पण मनावर घेतलं नाही. शेळीचं दूध ही काय साहेबापुढे ठेवायची वस्तू!

त्याच महिन्यात ते निवृत्त होऊन कोल्हारला घरी आले. "प्रवरेत मोठी मरळ गावली की तळीन, अन् तवाच ही उघडीन," त्यांनी बायकोला, गोजरबाईंना सांगितलं. "जल्मभर वाढलं ते बरुबर हुतं का, येकदा बघायचंय."

रांजणाखालच्या ओल्या वाळूत त्यांनी मला आडवं निजवलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी माझ्यावर शिंपडायचे. मी गारेगार, आणि खरं सांगते, जरा तोऱ्यातच होते. दोनदा घरी मरळ आली. "बारकी हाय," म्हणून त्यांनी ती नुसती भाकरीबरोबर खाल्ली.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. नदी आटली आणि माशाचं नावच निघेना. एका सकाळी कारभारी तांब्या घेऊन माझ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. शेवटी ते पाणी त्यांनी दारातल्या शेळीपुढे ठेवलं. त्या दिवसापासून वाळू सुकली आणि मी तापू लागले. मला राग आला, मित्रांनो. नंतर रागवायचंही त्राण उरलं नाही.

त्र्याहत्तरच्या चैत्रात एका दुपारी उन्हाने शेळीचं दूध नासलं. गोजरबाईंनी ते फेकलं नाही. फडक्यात बांधून खुंटीला टांगलं, पाणी निथळल्यावर मीठ लावलं आणि दुसऱ्या दिवशी दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीवर वाढलं. कारभारींनी घास घेतला आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"अगं, ह्येच सांगत हुता त्यो पाव्हना!"

ते उठले, वाळू उकरली, मला बाहेर काढलं. सुकलेलं बूच हातातच भुगा झालं. पेल्यात ओतलेली माझी वाईन पिवळी पडली होती, वासही व्हिनेगरचा. नुसता घोट घेतला तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं. मग घासाबरोबर दुसरा घेतला. त्या आंबटपणाच्या खाली कुठेतरी माझा ताजेपणा अजून थोडा शिल्लक होता. त्यांना तो सापडला. मलाही.

"जमत हुतं," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "लई झ्याक जमलं आसतं."

गोजरबाई म्हणाल्या, "आडीच वर्सं नदीकडं बघत बसला. शेळी दारातच हुती की."

मित्रांनो, माझी हेळसांड झाली असं मी म्हणणार नाही. मला जपलंच, फार जपलं. तुमच्या घरी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेलं काही असेल, तर आजच काढा, आणि दारात जे आहे त्याच्याबरोबर खा-प्या. आम्हा वस्तूंनाही वय असतं.

आता रांजण पुन्हा भरतो. कारभारी अजूनही कधीकधी सकाळी सवयीने तांब्याभर पाणी त्या वाळूवर ओततात. मी कोनाड्यातून बघत असते.