साबणाला कुठलं पाणी

साडूंच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं एवढंच: "ताई साबणाला कुठलं पाणी वापरायच्या? माझ्या वड्यांवर नारिंगी ठिपके येतात."

माझ्या वड्या! बायकोनं आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं घोटलेला साबण, ती गेल्यावर त्यांनी स्वतःच्या दुकानात मांडला, वेष्टनावर स्वतःचा फोटो छापला. तेव्हाही मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

मग मेहुणी आली. हिची धाकटी बहीण, साडूंची बायको.

"भावोजी, उत्तर टाका ना. हॉटेलची मोठी ऑर्डर आलीय, घरात डोकं खातात माझं."

"आठवत नाही गं."

"तुम्हाला? तुम्हाला तर पुस्तकातलं पानसुद्धा आठवतं." ती हसली, मग खाली बघून म्हणाली, "गिऱ्हाइकांना काय सांगतात ठाऊक आहे? ताई नुसती ढवळायची, डोकं माझं. आणि ठिपके मात्र तिच्या गचाळ कृतीमुळे."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तुमचीच मेहुणी ना मी."

मला सगळं आठवत होतं. ही नळाच्या पाण्याला हात लावायची नाही. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणायची आणि त्यात कॉस्टिक सोडा विरघळवायची. नळाच्या पाण्यात लोह असतं, बोअरच्या पाण्यात तर फारच. त्यानं साबणातलं तेल खवट होतं, ठिपके उमटतात. एवढं कळवलं असतं तर साडूंची ऑर्डर सावरली असती.

मला ती बुडवायची होती. पण माझा स्वतःच्या खोटेपणावरही भरवसा नाही. न जाणो, मी सांगेन त्या पाण्यानंच त्यांचा साबण झकास व्हायचा. म्हणून शेजारच्या बोअरचं पाणी आणलं, अर्धं आटवलं आणि हिच्याच पातेल्यात, हिच्याच मापानं साबण घोटला. कॉस्टिक सांडलं, ओट्यावर डाग पडला. वड्या पुस्तकांच्या कपाटात वाळत ठेवल्या. रोज चष्मा पुसून बघायचो आणि वाटायचं, माझ्या हातून हेही जमणार नाही.

एका सकाळी कोपऱ्यात ठिपका दिसला. पुढे ठिपके वडीभर पसरले. खवट वास पुस्तकांना लागला, तरी कपाट उघडून मी पुन्हापुन्हा हुंगत राहिलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

लिहायला बसलो. "बोअरचं पाणी घ्यावं. अर्धं आटवावं, पण गाळू नये. तळाशी बसतं तेच सत्त्व, असं ही म्हणायची."

शेवटचं वाक्य वाचून कागद फाडला. तिच्या तोंडी खोटं घालायला मी काही साडू नव्हतो. दुसऱ्या कागदावर तेच लिहून शेवटी घातलं, "मी स्वतः करून पाहिलं आहे."

पत्रपेटीशी उभं राहून पत्ता पुन्हा वाचला. बरोबर होता. पाकीट आत सोडलं.