सतरा इंची राजकन्या

पस्तीस वर्षं मी माणसांचे कपडे शिवते आहे, चित्रांचे नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पण आमच्या वेशभूषाकार साहेबांच्या कानात तेव्हा काय बोळे होते कोण जाणे.

साहेबांचं नाव आम्ही 'हुबेहूब' ठेवलं होतं. एका जुन्या कार्टून सिनेमातली राजकन्या आता खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा पडद्यावर यायची होती, आणि सगळं चित्रातल्यासारखं हुबेहूब हवं होतं. बूट हुबेहूब, कपाळावरची बट हुबेहूब. निळा झगाही. त्यांनी चित्रावर पट्टी ठेवली, राजकन्येची उंची तिचं काम करणाऱ्या पोरीच्या उंचीइतकी धरली, भागाकार केला आणि कमरेचं माप चिठ्ठीवर लिहून माझ्या मशीनवर आणून ठेवलं. सतरा इंच.

"साहेब, हे कमरेचं आहे की मनगटाचं?" माझ्या नणंदेनं विचारलं. ती शेजारच्या मशीनवर बसते आणि तिच्या जिभेला हाड नाही.

राजकन्या होणाऱ्या पोरीची कंबर अठ्ठावीस. तीही मी टेपखाली एक बोट सोडून घेतलेली, कारण माणूस श्वास घेतो. हिला तर पाऊणशे पायऱ्या धावत उतरायच्या होत्या आणि उतरता उतरता गायचं होतं. गाणं तिथंच, तिच्याच आवाजात रेकॉर्ड होणार होतं. साडेतीनशे मुलींतून तिला निवडलं होतं ते या आवाजासाठी.

सतरा जमणार नाही हे साहेबांनाही कळत होतं. "तेवीसवर आणा, बाकीचं घेरानं झाकू," ते म्हणाले. आत नाड्यांचा कॉर्सेट आला. मी एक नाडी ओढली, दुसरी साहेबांच्या मदतनिसानं. चोविसावर पोरगी गायला लागली आणि तिसऱ्या ओळीला आवाज चिरकला. ती पायरीवर बसली, ओठ पांढरे पडलेले.

"गुरुवारी निर्मातीबाई बघायला येतायत," साहेब म्हणाले. "तोवर झगा बसला तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. तिची कंबर तेवीस आहे."

पोरीनं मान डोलावली. "मी जेवण कमी करते, मावशी. तुम्ही आवळा."

त्या मान डोलावण्यानं माझं डोकं फिरलं. का, ते सांगते. हाच कार्टून सिनेमा पाहून माझी लेक नऊ वर्षांची असताना माझा पट्टा पोटाला आवळून झोपायची आणि ताटात अर्धं अन्न टाकायची. मी म्हटलं, लाडाला आली आहे. तिला चक्कर येऊन ती शाळेत पडली तेव्हा माझे डोळे उघडले. आज ती एकतीसची आहे, पण फोटो काढताना अजून पोट आत ओढते. मला त्याचा राग येतो, आणि तिच्यापेक्षा जास्त स्वतःचा येतो.

"वन्सं," मी नणंदेला म्हटलं, "दोन झगे शिवायचे."

"वहिनी, नोकरी जाईल."

"जाऊ दे. तुम्ही घेर घ्या, मी कंबर घेते."

गुरुवारी निर्मातीबाई आल्या. मी पहिला झगा टेबलावर ठेवला. निळा, कंबर मोजून सतरा, एक टाका इकडचा तिकडे नाही. साहेबांचा चेहरा असा खुलला की मला त्यांची दयाच आली. त्यांनी झगा उचलला, मागे फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"चेन कुठे आहे?"

"चित्रात नाही, साहेब. मी सगळी चित्रं बघितली, पुढची, मागची, नाचतानाची. कुठेही चेन नाही, हुक नाही, बटण नाही. वरून पाय घालावे तर मांड्या अडकतात. खालून डोकं घालावं तर डोकं बावीस इंच आणि कंबर सतरा. चित्रकाराचं काही चुकलं नाही. त्याला तिला कपडे घालायचेच नव्हते, रंगवायचे होते."

नणंद तोंडात दोरा धरून हसू दाबत होती. साहेबांनी झगा खाली ठेवला.

मग पोरगी दुसऱ्या झग्यात आली. तोच निळा, तोच घेर, कंबर तिची स्वतःची. ती पाऊणशे पायऱ्या धावत उतरली आणि गायली. शेवटचा सूर तिनं इतका लांबवला की दिवेवाला शिडीवर हात तसाच वर धरून उभा राहिला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"सुरेख," निर्मातीबाई म्हणाल्या. "हाच झगा, हीच मुलगी. कंबर काय, ती नंतर कॉम्प्युटरवर बारीक करता येते."

सुटलेला दोरा कातरून टाकावा इतक्या सहज बोलल्या. मी हातातली कात्री खाली ठेवली.

पण माझ्याआधी पोरगी बोलली. "कोणाची कंबर?"

"अगं, तुझीच. पण फक्त पडद्यावर."

"पडद्यावर मीच असणार ना?" ती म्हणाली. "मग करारात लिहून द्या. माझ्या अंगाला कॉम्प्युटर लावायचा नाही. हे बघून कुठलीतरी मुलगी घरी जेवण टाकेल. मीच टाकणार होते."

"आणि लिहून नाही दिलं तर?"

पोरीनं छातीशी हात नेला. हुक मी पुढून लावले होते, शिवणीच्या पट्टीखाली, म्हणजे कपडे काढण्यासाठी तिला कोणापुढे पाठ करून उभं राहावं लागू नये. तिनं पहिला काढला. दुसरा काढला. आत तिचा रोजचा टी-शर्ट दिसला. मग तिसराही काढला.

"थांब," निर्मातीबाई म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, "करार घेऊन या."

ते स्वतः गेले. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद होती, वेळ लागला. पोरगी तिथंच उभी राहिली, आणि कागदावर सही होईपर्यंत तिनं एकही हुक परत लावला नाही.