फानियासच्या गालातलं नाणं

मी फानियासच्या गालातलं नाणं बोलतोय. तांब्या-कथलाचं, अंगठ्याच्या नखाएवढं.

मॅसेडॉनच्या टांकसाळीत घणाचा घाव खाऊन मी जन्मलो. एका अंगावर अपोलो देव, दुसऱ्यावर घोडेस्वार. हातोहात फिरत थ्रेसच्या किनाऱ्यावर, ऐनोस गावात आलो. तिथले कोळी बाजाराला निघाले की सुटी नाणी गालात धरतात. खारा मासा, कांदा, आंबट दारू, सगळ्यांच्या चवी मला पाठ आहेत. दातांबद्दल तर बोलायलाच नको!

फानियास कोळी मोठा बडबड्या. बोलता बोलता दोनदा नाणं गिळून बसला होता. म्हणून त्यानं मासे कापायच्या सुरीनं माझ्या कडेला एक खाच पाडली. ती जिभेला लागली की तो सावध व्हायचा. मला त्यानं कधी खर्चलं नाही.

"माझ्यापेक्षा त्या नाण्याला जास्त जपतोस," त्याची बायको मेलित्ता म्हणायची.

"ते उलटून बोलत नाही ना!"

एका सकाळी होडी ढकलताना त्यानं मला तोंडातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "वारा वाईट आहे आज. शिव्या घालताना गिळायचो."

होडी परत आली, ती उलटी. फानियास आलाच नाही.

मेलेल्याच्या तोंडात नाणं नसलं, तर खॅरॉन नावाडी त्याला मृतांच्या नदीपलीकडे नेत नाही. इथे तर तोंडच सापडेना. मेलित्तानं ठरवलं, रिकामी कबर बांधायची आणि तिच्यात मलाच ठेवायचं. तेवढ्यात राज्य बदललं. थ्रेसच्या नव्या राजाचा हुकूम सुटला: जुनी नाणी बाद, टांकसाळीत आणून राजाच्या सिंहाचा नवा छाप मारून घ्या.

सासू म्हणाली, "अगं, जे मीठवाला घेत नाही ते खॅरॉन घेईल होय? तो मेला साऱ्या बाजाराहून चिकट!"

मेलित्ता मला घेऊन टांकसाळीत गेली. घण मारणारा डोरियोन म्हणाला, "टाक त्या ढिगात. दुसरं घेऊन जा."

"दुसरं नको. हेच हवं. आणि ही खाच बुजली तर बघ!"

"बाई, घाव काय माझं ऐकतो?"

"मग ऐकेपर्यंत बसते." आणि ती खरंच उंबऱ्यात फतकल मारून बसली.

दुपारी डोरियोन कंटाळला. त्यानं मला लाल होईस्तोवर तापवलं आणि मुद्दाम तिरका घाव घातला. फार दुखलं. पण मीही हट्टाला पेटलो होतो. राजाच्या सिंहाचं शेपूट बाहेर राहिलं, खाच मात्र वाचली.

"सिंह बांडा झाला. कुणाला दाखवू नकोस," तो पुटपुटला.

"फानियासला कुठे सिंह पाळायचाय?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा रडली.

समुद्राकडे तोंड करून तिनं तीनदा त्याच्या नावानं हाक मारली. मग मला त्याच्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळून कबरीत ठेवलं, वर दगड लावला.

तेव्हापासून मी इथेच आहे. हिरवा पडलोय. वर किती राज्यं आली नि बुडाली. खणणाऱ्यांनो, तुमचं फावडं मला लागलंच, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. मला काम आहे. खॅरॉननं हात पुढे केला तरी मी लगेच त्याच्या हाती पडणार नाही. आधी फानियासची जीभ माझ्या खाचेवरून फिरू दे. तोवर मी हलायचा नाही.