नडगीत बसवलेला कमरेचा तुकडा

मी हाडाचा एक तुकडा आहे. बोटभर लांब, दोन बोटं रुंद. हाड कुठे बोलतं का, असं म्हणाल; पण ज्याला काळजीने घेरलंय त्याला बोलावंच लागतं.

माझा जन्म जूमार्तच्या कमरेत झाला. डाव्या कुशीवर हात फिरवलात की जी कड लागते ना, तिथे मी त्याच्या लहानपणापासून सुखात होतो. काम काय, तर पट्टा घसरू द्यायचा नाही आणि खोगिरावर त्याच्याबरोबर हिंदकळायचं. आमच्या नारीनच्या डोंगरात माणूस जमिनीपेक्षा घोड्यावरच जास्त असतो. त्यामुळे खाली नडगी नावाचं कुणी आहे, याची मी कधी दखलही घेतली नव्हती.

मग एकदा पानगळीच्या दिवसांत ओल्या दगडावर घोडा घसरला आणि जूमार्तच्या पायावर पडला. नडगी मोडून तिचं टोक कातडीबाहेर आलं. जूमार्तचा बाप ओरोझबाय हाडवैद्य. निखळलेले खांदे, मोडलेले हात, मेंढ्यांचे पायसुद्धा लोक त्याच्याकडेच आणायचे. त्याच्या हाताला गुण होता, हे मीही मान्य करतो. पण उघडी जखम आधी धुवावी लागते, आणि त्याने आधी बांधली. वर शिलाजीत थापलं, लोकरीच्या जाड नमद्यात पाय आवळला आणि मुलाला म्हणाला, "बर्फ पडायच्या आत घोड्यावर बसशील. नाही बसलास तर मला हाडवैद्य म्हणू नकोस."

बर्फ पडलं तेव्हा पायाला घाण वास येत होता.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर चिनाराने सडलेलं हाड कापून काढलं. जखम शांत व्हायला हिवाळा गेला. पण नडगीत मोकळी जागा राहिली, आणि अशा पायावर कुणी उभं राहू शकत नाही.

"तिथे याच्याच कमरेचं हाड बसवू," चिनारा म्हणाली.

"माझं घ्या," ओरोझबाय पुढे सरकला. "पाय माझ्यामुळे गेलाय."

"आजोबा, तुमचं हाड आता तुम्हालाच पुरत नाहीये. बसा बघू."

म्हातारा बसला. त्या दिवसापासून त्याने कुणाचं हाड बांधलं नाही.

मला छिन्नी-हातोडीने सोडवलं आणि त्या रिकाम्या जागेत ठोकून बसवलं. बाजूला धातूची पट्टी लावली, स्क्रू पिळले. खरं सांगायचं तर कमरेतून सुटलो तेव्हाच मी बराचसा मेलो होतो. आता माझं काम मांडवाचं. वरून आणि खालून जिवंत हाड वेलासारखं माझ्यावर चढतं, मला हळूहळू संपवतं आणि माझ्या जागी स्वतः उभं राहतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त तोवर मांडव हलता कामा नये.

चिनाराने जूमार्तला बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्या सोडायच्या नाहीत."

"आणि घोडा?"

"घोड्याला माझा सलाम सांग. याहून जास्त काही नाही."

वेल नुकता चढू लागला होता आणि ओरोझबाय गेला.

अंगणात नमद्याचा तंबू उभा राहिला. आत बायका भिंतीकडे तोंड करून विलाप करायला बसल्या. आमच्याकडे मुलाने तंबूबाहेर काठीवर वाकून उभं राहायचं असतं. येणारा लांबूनच आक्रोश करत येतो, मुलाच्या गळ्यात पडतो, मग पुढचा येतो. जूमार्त एकुलता एक. त्याचा काका सापार शेजारी उभा होता.

कुंपणापलीकडे दोघं कुजबुजत होते, ते जूमार्तने ऐकलं. "पोरगा बसूनच राहील बघ. बापानेच पाय घालवला ना त्याचा. राग असणारच."

जूमार्तने कुबड्या तंबूला टेकवल्या आणि काठी घेतली. मी मनातल्या मनात हंबरडा फोडला. अरे, नको. पण हाडाचं ऐकतं कोण.

माणसं येतच होती. गळ्यात पडणारा प्रत्येक जण आपला भारही त्याच्यावर टाकत होता. तो भार गुडघ्यातून माझ्यावर उतरायचा. खालचा स्क्रू करकरायला लागला. जूमार्तचे दात आवळलेले होते आणि लोकांना वाटत होतं, दुःखाने आवळलेत. दुसऱ्या दिवशी दुपारी एक धिप्पाड मेंढपाळ त्याला मिठी मारून हुंदके देत राहिला, आणि मला तडा गेला. तो मी सोडून कुणी ऐकला नाही. जूमार्तचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं.

तेवढ्यात विलाप थांबवून त्याची आई सालकिन तंबूबाहेर आली. असं कोणतीच बाई करत नाही. तिच्या हातात मेलेल्या नवऱ्याचं खोगीर होतं. ते तिने मुलाच्या मागे जमिनीवर ठेवलं.

"बस."

"आई, आत जा. लोक बघतायत."

"बघू देत. तुझा बाप शेवटी काय म्हणाला ठाऊक आहे? 'माझ्या हाताने त्याचा पाय बिघडला, माझ्या मरणाने जाऊ देऊ नका.' सापारभाऊजी, तुम्हीही तिथेच होतात ना?"

सापारने मान खाली घातली. "होतो. पण वहिनी, मरणारा म्हणतो एक, लोक म्हणतात दुसरं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"मी लावते," ती म्हणाली आणि जूमार्तचा खांदा धरून त्याला खाली बसवलं. बसल्यावर तो पहिल्यांदा बापासाठी रडला. तोवर रडायलाही त्याला जमलं नव्हतं. सगळा जीव माझ्यात अडकला होता.

मातीनंतर चिनाराने हाडाचा नवा फोटो काढून उजेडासमोर धरला.  मग म्हणाली, "तडा आहे. पट्टीने धरून ठेवलंय. सांधेल किंवा नाही सांधणार."

"नाही सांधला तर?"

"उजवी कंबर आहे. तिचाही तुकडा लागला नाही, तर मग पाय ठेवता येणार नाही, जूमार्त."

सध्या मी असा आहे. वरून वेल येतोय, तो मला जाणवतो. खालून अजून काही नाही. तडा रोज थोडा ठणकतो. मला स्वतःचं काही नको. मी तर संपण्यासाठीच इथे आलोय. पण माझ्या आधी हा पाय संपू नये, एवढंच वाटतं.

आता ओरोझबायचा चाळिसावा दिवस आला आहे. पुन्हा माणसं जमतील, दारापासूनच आक्रोश करत येतील. ओरोझबायने ज्यांचे हातपाय बांधून दिले, तेही येतील, आपल्या धड पायांवर चालत. जूमार्त तुम्हाला बसलेला दिसेल. बापावर राग आहे म्हणून तो बसलेला नाही. त्याला उठवू नका. गळ्यात पडायचंच असेल, तर तुम्ही वाका.